मतभेद आणि वैर

टेंभू योजनेचं पाणी आपल्या तासगाव तालुक्यात आलं आणि ते नाव सर्वांच्या तोंडी झालं. कराडजवळच्या त्याच टेंभूत 1856 साली गोपाळ गणेश आगरकर जन्मले, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक.

आगरकर आणि टिळक डेक्कन कॉलेजातले मित्र. 1880 ला न्यू इंग्लिश स्कूल, 1881 ला ‘केसरी’. 1882 मध्ये कोल्हापूर प्रकरणी दोघांनी डोंगरीच्या तुरुंगात 101 दिवस एकत्र काढले. मग बिनसलं. आधी समाजसुधारणा की आधी स्वराज्य, हा वाद सर्वांना माहीत आहे. पण शाळा चालवणाऱ्यांचा पगार आणि बाहेरची मिळकत हेही त्यात होतंच. (बँकेत जन्म गेला म्हणून सांगतो, तत्त्वाच्या भांडणात कुठंतरी आकडा दडलेला असतो.) आगरकरांनी 1888 ला ‘सुधारक’ काढला, 1890 ला टिळकांनी डेक्कन एज्युकेशन सोसायटी सोडली. दोन्ही पत्रांतून एकमेकांवर कडक लिहिणं चालू राहिलं.

17 जून 1895 ला आगरकर गेले. चाळिशीही गाठली नव्हती. टिळकांनी ‘केसरी’त मृत्युलेख लिहिला, जुन्या मित्राचा गौरव केला, स्वतःचं मत मात्र सोडलं नाही. म्हणजे मत ठेवूनही माया राखता येते! पण याला समेट म्हणायला माझं मन धजत नाही. ज्यांच्यासाठी ते शब्द होते, त्यांना ते वाचता आले नाहीत.

आपल्याकडंही बांधावरून अबोला धरलेले भाऊ दहाव्याला येऊन रडतात. दत्तजयंतीच्या पंगतीत असे दोन-तीन जोड दरवर्षी दिसतात. एक या टोकाला, दुसरा त्या टोकाला.