दिवा विझवणं म्हणजे दुरुस्ती नव्हे

परंडा तालुक्यात पोकलेन ही आता नवलाईची वस्तू राहिलेली नाही. शेततळं खोदायचं, नाला रुंद करायचा, तलावातला गाळ काढायचा, सगळीकडे तीच लागते. पावसाचं पाणी ताली-बांध घालून शिवारात मुरवा, हे जोतीराव फुल्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये सांगितलं होतं. सोनारीपासून सीना-कोळेगाव धरणापर्यंतच्या टापूत ते काम आज ही यंत्रं करतात. नवी मशीन बहुतेकांना परवडत नाही, म्हणून कर्ज काढून जुनी घेतली जाते. काळभैरवनाथाला नारळ वाढवला जातो, बूमला लिंबू-मिरची आणि काळी बाहुली टांगली जाते आणि मशीन कामाला लागते. मग एके दिवशी मॉनिटरवर बिघाडाचा कोड येतो.

कोड आला की आपल्याकडे तीन गोष्टी होतात. कुणीतरी म्हणतो, नजर लागली. कुणीतरी म्हणतो, ऑपरेटरचा हात वाईट. आणि कुणीतरी लॅपटॉपवाल्याला बोलावतो. तो कोड पुसतो, पैसे घेतो आणि जातो. पहिली गोष्ट अंधश्रद्धा आहे हे बहुतेकांना पटेल. उरलेल्या दोन्हीही तितक्याच अंधश्रद्धा आहेत, कारण तिन्हींत तपास कुणीच केलेला नसतो.

कोड म्हणजे काय, ते आधी पाहू. तो मशीनचा निकाल नाही, साक्ष आहे. बऱ्याच इंजिनांत जे१९३९ नावाची सामाईक पद्धत चालते (काही कंपन्या आपले वेगळे आकडे दाखवतात). तिच्यात कोडचे दोन भाग असतात: कोणती गोष्ट (एसपीएन), आणि तिला काय झालं (एफएमआय). एसपीएन १०० म्हणजे इंजिन ऑइलचं प्रेशर. त्यापुढे एफएमआय १ असेल तर प्रेशर खरोखर धोक्याच्या खाली गेल्याचं सेन्सर सांगतोय. इंजिन त्या क्षणी बंद करायचं. तिथेच एफएमआय ३ किंवा ४ असेल तर तक्रार सेन्सरच्या व्होल्टेजची आहे, म्हणजे बहुधा तार तुटली, घासली किंवा कनेक्टरमध्ये पाणी शिरलं. पहिल्या बाबतीत 'सेन्सरच खराब असेल' म्हणून मशीन चालवली तर इंजिन जातं. दुसऱ्या बाबतीत घाबरून इंजिन खोललं तर लाखभर रुपये मातीत जातात. पहिल्यात खात्री करायला सेन्सरच्या जागी साधा यांत्रिक गेज लावून प्रेशर मोजता येतं. दुसऱ्यात मल्टिमीटर पुरतो.

आणि कारणं किती ऐहिक असतात! तीन-चार सेन्सरांना एकाच तारेतून ५ व्होल्टचा पुरवठा असतो; त्यातला एक शॉर्ट झाला की सगळ्यांचे कोड एकदम येतात आणि मालकाला वाटतं, मशीनला साडेसाती लागली. २४ व्होल्टच्या बॅटऱ्या थकल्या की स्टार्टर मारताना व्होल्टेज कोसळतं, आणि मॉनिटर कोडांनी भरून जातो. काम नसताना मशीन उभी राहते, उंदीर तारांचा हार्नेस कुरतडतात. बकेटचे दात वेल्डिंग करताना बॅटरीची वायर काढायचा कंटाळा केला की कंट्रोलर जळू शकतो. बॅरलमधल्या डिझेलात पाणी असलं की इंजिनच्या इंधन-रेलचं प्रेशर पडू शकतं. यातलं एकही कारण अमावस्या पाहून येत नाही.

'लिंबू-मिरचीनं कुणाचं काय बिघडतं?' असा प्रश्न हमखास येतो. श्रद्धा ज्याची त्याची, मला त्यात पडायचं नाही. पण जिथे तपासणी व्हायला हवी तिथे लिंबू येतं, तेव्हा बिघडतं. त्याहून वाईट म्हणजे दोष माणसावर ढकलला जातो. ऑपरेटर बहुधा झारखंड-बिहारकडचा, घरापासून हजार मैल लांब. पुराव्याशिवाय त्याचा पगार कापणं हा मालकाचा अधिकार नाही, अन्याय आहे. कोडच्या नोंदीत बहुधा मशीनचे तास असतात. कोड कोणत्या तासाला आला आणि तेव्हा मशीनवर कोण होतं, हे पाहण्याइतका तरी न्याय त्याला मिळाला पाहिजे.

आता ढोंगाकडे येतो. मशीन विकताना इशाऱ्याचा दिवा काढून टाकणं, तापमानाच्या सेन्सरऐवजी ठरावीक रेझिस्टर जोडून काटा कायम 'नॉर्मल' ठेवणं, सौद्याच्या आदल्या रात्री सगळे कोड पुसणं, तासांचा मीटर मागे फिरवणं हे प्रकार या बाजारात कुणाला नवे नाहीत. आणि ते करणारा खंडेनवमीला त्याच मशीनला झेंडूचा हार घालतो. यंत्राची पूजा करायची आणि यंत्राचं तोंड बांधायचं, याला भक्ती कशी म्हणायची?

'जुनी मशीन म्हटल्यावर खोट असणारच, हा व्यापार आहे,' असं उत्तर मिळतं. खोट असणं वेगळं आणि खोट लपवणं वेगळं. घेणाऱ्यानं पारखून घ्यावं हे कायदाही म्हणतो. पण माहीत असलेली गोष्ट मुद्दाम दडवून दुसऱ्याला सौद्यात ओढणं ही भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७ प्रमाणे फसवणूक आहे, आणि असा करार फसलेल्याला रद्द करता येतो. स्वतः राबून पोट भरण्यासाठी मशीन घेणारा २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यातही ग्राहक ठरू शकतो.

एक आक्षेप मात्र मला मान्य आहे. कोडचा अर्थ सांगणारी पुस्तकं आणि सॉफ्टवेअर कंपन्या कुलपात ठेवतात, म्हणून गावच्या मिस्त्रीला अंदाजानं पार्ट बदलावे लागतात. ज्ञान मूठभरांच्या हाती कोंडलं की बाकीच्यांचं काय होतं, हे महाराष्ट्राला नव्यानं सांगायला नको. केंद्र सरकारनं जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. तिच्यापुढे शेती अवजारं होती, मोबाइल होते, घरगुती वस्तू आणि वाहनं होती. खोदकामाची यंत्रं त्या यादीत वेगळी नव्हती. ती यावीत म्हणून मालकांच्या संघटनांनी भांडायला हवं.

तोवर जुनी पोकलेन पाहायला जाल तेव्हा पहाटे जा, इंजिन थंड असताना. चावी फिरवल्यावर इशाऱ्याचे सगळे दिवे एकदा लागून विझतात का, पाहा. रात्रभर उभ्या मशीनमध्ये कूलंट आणि हायड्रॉलिक ऑइल दोन्हींचं तापमान हवेच्या जवळपास असायला हवं. कूलंट ८० अंश दाखवत असेल तर तो आकडा खोटा आहे. हजारो तास चाललेल्या मशीनच्या नोंदीत एकही जुना कोड नसेल तर जुने कोड कुणी, कधी आणि का पुसले, हे विचारा. आणि सौद्याच्या कागदावर तास, चालू कोड आणि काढलेले-बदललेले सेन्सर विकणाऱ्याच्या सहीनिशी लिहून घ्या. जो एवढं लिहून द्यायला तयार नाही, त्याच्याकडून मशीन घेऊ नका.