झोपेतूनच तर ते पडत होते

गेल्या महिन्यात औषधांच्या दुकानात आमच्या सोसायटीतल्या एक काकू भेटल्या. क्लोनाझेपामची पट्टी घेत होत्या. दुकानदाराने सहज विचारलं, "काकू, रोज घेता का ही?" त्या ठसक्यात म्हणाल्या, "अरे, ही झोपेची गोळी नव्हे. फिटची आहे, नेटवर बघ. म्हणून तर बिनधास्त घेते." काकूंना आयुष्यात कधी फिट आलेली नाही. त्यांना झोप येत नाही, एवढंच.

त्याच आठवड्यात गावाहून आतेभावाचा फोन आला. "दादा, फिटच्या गोळ्या म्हणजे झोपेच्याच ना? भावकीतल्या एका पोराला चालू होत्या, सुस्तावलं होतं, म्हणून घरच्यांनी बंद केल्या." चौथ्या दिवशी पोराला लागोपाठ झटके आले. तालुक्याला नेऊन शिरेतून औषध दिलं तेव्हा कुठे थांबले.

एकीला वाटतं, फिटची गोळी म्हणजे झोपेची नव्हेच, आणि तरी ती घेते झोपेसाठीच. दुसऱ्याला वाटतं, फिटची म्हणजे झोपेचीच. दोघांच्याही मनात औषधाचा एकच खण आहे, मेंदू शांत करण्याचा. दोष त्यांना कसा देऊ? औषधशास्त्र शिकवताना मी स्वतः फळ्यावर 'मेंदू शांत करणारी औषधे' असा मथळा लिहून खाली दोन्ही गट मांडत आलो. तो मथळा आज मला खुपतो.

तो आला कुठून, हे पाहायला फार मागे जावं लागत नाही. 1857 मध्ये लंडनच्या एका वैद्यकीय सभेत सर चार्ल्स लॉकॉक यांनी पोटॅशियम ब्रोमाइडचा अनुभव सांगितला. फेफऱ्याचं मूळ कामवासनेत आहे आणि ब्रोमाइडने वासना मंदावते, असा त्यांचा हिशेब होता. हिशेब साफ चुकीचा, औषध मात्र लागू पडलं. शरीरातून अर्धं बाहेर पडायलाच त्याला बारा-एक दिवस लागतात, त्यामुळे ते साचत जाई, अंगावर पुरळ उठे, बोलणं जड होई. पण फेफरं म्हणजे अंगात आलेला धिंगाणा असं धरलं, की मंद पडलेला रोगी हा सुधारलेला रोगीच वाटणार. पुढे 1869 मध्ये क्लोरल हायड्रेट आलं, 1903 मध्ये फिशर आणि फॉन मेरिंग यांनी बार्बिटोन आणलं. औषधं बदलली, समजूत तीच राहिली.

आता 1912 ची गोष्ट. आल्फ्रेड हाउप्टमान हा जर्मनीत फ्रायबुर्गला काम करणारा तरुण डॉक्टर. त्याची खोली रुग्णांच्या वॉर्डच्या वरच होती. रात्री रुग्णांना झटके येत, ते खाटांवरून पडत आणि त्या आवाजाने याची झोपमोड होई, अशी आख्यायिका आहे. म्हणून त्याने त्यांना नवीन आलेली झोपेची गोळी, फिनोबार्बिटोन, दिली. झटके कमी झाले, आणि नुसते रात्रीचे नव्हे, दिवसाचेही. झोपेच्या औषधाने फेफरं आवरलं, असा या गोष्टीचा अर्थ वर्गावर्गातून सांगितला जातो. मीही सांगितला आहे.

पण जरा थांबून बघा. ते रुग्ण पडत होते कुठून? झोपेतूनच तर ते पडत होते! झोपेने झटका थांबत असता, तर हाउप्टमानची झोपमोड झालीच नसती. गाढ झोपेत मेंदूच्या आलेखावर मोठमोठ्या संथ लाटा दिसतात, कारण असंख्य पेशी एका लयीत येतात. अनेकांना झटका येतो तो नेमका झोपेतच. शिवाय दिवसा, जागेपणी, कामात असलेल्या माणसाचे झटके जेव्हा कमी होतात, तेव्हा त्याचं श्रेय झोपेला कसं द्यायचं? पुढे आणखी एक गोष्ट कळली. फिनोबार्बिटोन झोप न आणणाऱ्या मात्रेतही झटके आवरतं. त्याचंच भावंड पेंटोबार्बिटोन मात्र झटके आवरतं तेव्हा माणूस भुलीच्या उंबरठ्यावर असतो. म्हणजे दोन गुण वेगळे आहेत याचा पुरावा 1912 पासून समोर होता. तो वाचायला 25 वर्षं लागली.

1938 साल म्हटलं की सगळे मांजरांची गोष्ट सांगतात. बॉस्टन सिटी हॉस्पिटलमध्ये ट्रेसी पुटनम आणि ह्यूस्टन मेरिट यांनी मांजरांना विजेच्या धक्क्याने झटके आणले, एकेक रसायन देऊन पाहिलं आणि त्यातून फेनिटोइन निवडलं. प्राण्यांवर चाचणी करून शोधलेलं झटक्यांचं पहिलं मोठं औषध म्हणून त्याचा गौरव होतो. गौरव रास्त आहे, पण मला वाटतं तो चुकीच्या जागी होतो. फेनिटोइन काही नवं नव्हतं. 1908 मध्येच जर्मनीत बिल्ट्झ यांनी ते बनवलं होतं. पार्क-डेव्हिस या अमेरिकन कंपनीकडे ते होतं आणि तिने ते बाजूला सारलं होतं, कारण त्याने झोप येत नव्हती. झोपेच्या परीक्षेत नापास झालेली ती बाटली होती. पुटनम-मेरिट यांनी ती उघडली, कारण त्यांना झोप न आणता झटका रोखणारं औषध हवं होतं. आधीच्या पिढ्यांना हा शोध निरर्थक वाटला असता. मग यांना तो सुचला कसा? त्याच हॉस्पिटलात गिब्ज आणि लेनॉक्स मेंदूचे विद्युत आलेख काढत होते. झटक्याचं चित्र कागदावर आलेलं होतं, आणि त्यात धिंगाणा नव्हता, शिस्त होती.

हे समजायला आपल्याकडचं ढोल-ताशा पथक पुरे. भर बाजारात हजार माणसं हजार गोष्टी बोलत असतात. तो गोंगाट म्हणजे जागा, निरोगी मेंदू. त्याच बाजारात सगळ्यांनी एकदम एकच ठेका धरला, की झाला झटका. ठेका मोडायला आख्खा बाजार झोपवण्याची गरज नसते. फेनिटोइन नेमकं काय करतं? पेशीच्या भिंतीतला सोडियमचा दरवाजा एकदा उघडून मिटला, की पुन्हा उघडण्याआधी त्याला क्षणभर उसंत लागते. फेनिटोइन त्या मिटलेल्या दाराला धरून उसंत लांबवतं. सावकाश चालणाऱ्या पेशीला त्याचा पत्ताही लागत नाही. जी पेशी एकसारखी ढोल बडवते आहे, तीच अडकते. बार्बिटोन आणि क्लोनाझेपामच्या जातीची औषधं गाबा या मेंदूतल्या लगामाला जोर देतात. लगाम सगळ्यांनाच असतो, म्हणून सगळा बाजार पेंगतो.

(फेनिटोइन साधुसंत नाही, हेही सांगतो. मात्रा थोडी चढली तरी रक्तातलं प्रमाण एकदम उसळतं, माणूस दारू प्यायल्यासारखा झोकांड्या खातो. मुलांच्या हिरड्या वाढतात ते वेगळंच.)

यावरून झोपेच्या जातीची औषधं फेफऱ्यात बाद, असा अर्थ कुणी काढला तर तोही घाईचा. चालू झटका थांबवायला आजही पहिला हात या जातीच्या इंजेक्शनकडेच जातो. 1965 मध्ये फ्रान्समध्ये गास्तो यांनी डायझेपामने न थांबणारे झटके थांबवून दाखवले, तेव्हापासून. आतेभावाच्या भावकीतलं पोर तशाच औषधाने वाचलं. फरक कळतो तो रोजच्या वापरात. फिनोबार्बिटोनची गुंगी बहुतेकांना काही आठवड्यांत सवयीची होते, झटक्यांवरचा पहारा मात्र टिकतो. क्लोनाझेपाममध्ये कित्येकांचा तो पहाराही ढिला पडत जातो. झोप आणि पहारा एकाच वस्तूची दोन नावं असती, तर दोन्ही एकदमच विरले असते. आणि काकूंनी कुठल्याही नावाखाली ती गोळी रोज घेतली, तरी सवय लागायची ती लागतेच. एक दिवस अचानक सोडली, तर कधी फिट न आलेल्या माणसालाही फिट येऊ शकते.

गुंगीच्या धास्तीचीही तपासणी झाली आहे, आणि आपल्याच देशात. 1998 मध्ये पश्चिम बंगालच्या खेड्यांतल्या 94 मुलांवरचा अभ्यास लॅन्सेटमध्ये आला. निम्म्यांना फिनोबार्बिटोन, निम्म्यांना फेनिटोइन. फिनोबार्बिटोनवरची मुलं वागणुकीत अधिक बिघडलेली आढळली नाहीत. स्वस्तातल्या या जुन्या गोळीला 'पोराला मठ्ठ करणारी' म्हणणाऱ्यांनी हे वाचायला हवं होतं. शहरातल्या डॉक्टरांनी तर आधी.

झोपेच्या परीक्षेसारखीच मांजरांची चाचणीही पुढे रूढी झाली. लेव्हेटिरॅसिटाम हे आज सर्रास दिलं जाणारं औषध विजेच्या धक्क्याच्या त्या ठरीव परीक्षेत नापास झालं होतं. दुसऱ्याच कसोटीवर ते उतरलं, म्हणून वाचलं.

गावचं ते पोर आता त्याच लेव्हेटिरॅसिटामवर आहे. परवा त्याच्या आईने आतेभावाच्या फोनवरून मला गाठलं. तेव्हापासून एकही झटका नाही, शाळेत जातो, संध्याकाळी क्रिकेट खेळतो. हे सगळं सांगून झाल्यावर ती थोडी घुटमळली. मग आवाज खाली आणून म्हणाली, "पण सर, या नव्या गोळीनं तो अजिबात पेंगत नाही. लागू पडतीय ना ती?"