आजीचं कुंकू

तुळजापुरात भवानीच्या देवळाकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक आजी हळद-कुंकू विकत असे. कुंकू ती घरीच करी. हळदीत ओला चुना कालवायचा, हाताने चोळायचा, सावलीत वाळवायचा. पिवळ्याचं लाल होई. तिचा नियम एकच होता : लिंबाचा हात कुंकवाला लावायचा नाही. का, ते तिच्या सासूनेही सांगितलं नव्हतं.

नात शाळा सुटली की दुकानावर येऊन बसे. शाळेत तेव्हा मूलद्रव्य, संयुग आणि मिश्रण चाललं होतं.

ताम्हन उचलून ती म्हणाली, "हे मूलद्रव्य. कितीही बारीक किसलं तरी तांबंच."

मग तिने अक्षतांतून तांदूळ आणि तीळ निवडून वेगळे केले. "हे मिश्रण. आणि कुंकू म्हणजे हळद-चुन्याचं मिश्रण."

"मग त्यातली हळद काढून दे बरं," आजी म्हणाली.

नातीने कुंकू चाळलं. वरही लाल, खालीही लाल. पाण्यात टाकून निवळू दिलं. तळाशी लालच.

"काय करलालीस गं?" आजीने विचारलं. नात काही बोलली नाही.

नवरात्र आलं. समोर स्वस्त लाल पूड विकायला आली. एक बाई आजीला म्हणाली, "तिथं निम्म्या भावात मिळतंय. दोन्ही लालच की!"

आजी गप्प राहिली. नातीला मात्र तो नियम आठवला. तिने समोरची चिमूटभर पूड आणली, शेजारी आपलं कुंकू ठेवलं आणि दोन्हींवर लिंबू पिळलं. विकतची पूड लालच राहिली. आजीचं कुंकू पिवळं पडलं. मग तिने उरलेली पूड पाण्यात टाकली. रंग पाण्यात गेला, तळाशी पांढरी पिठी बसली.

"हळदीत करक्युमिन नावाचं संयुग असतं," नात सांगू लागली. "त्याच्या एका रेणूत कार्बनचे 21 अणू, हायड्रोजनचे 20, ऑक्सिजनचे 6. चुना त्यातला थोडा हायड्रोजन काढून घेतो, म्हणून ते लाल होतं. लिंबाचं आम्ल तो परत देतं. चाळणीला ते कसं जमेल?"

पिठी आणि रंग एका पिशवीत होते, पण पिठी पिठीच राहिली आणि रंग रंगच. पाणी लागताच दोघांनी आपापली वाट धरली. माणसांचंही पुष्कळदा असंच असतं. वर्षानुवर्षं एका घरात राहतात आणि एकमेकांचं काही लागत नाही. हळद-चुन्याने मात्र आपलं काही सोडलं होतं, म्हणून तो लाल रंग दोघांचा होता.

बाईने आजीकडचं कुंकू बांधून घेतलं. नात पुडी बांधायला पुढे सरसावली, तशी आजी ओरडली, "आधी हात धू!"