शस्त्राचा जाब कोणी द्यावा?

बंदुकीचे आयुष्य माणसाहून मोठे असते. घडविणारा मरतो, ज्या राज्यासाठी घडविली ते राज्य जाते, पण तेल दिलेले लोखंड नव्या हाताची वाट पाहत राहते. ब्रिटिश सैन्याने 1895 साली स्वीकारलेल्या ली-एन्फील्ड जातीच्या रायफली 1980 नंतरच्या दशकात अफगाण बंडखोरांच्या खांद्यावर दिसल्या. त्याच घराण्यातील थ्री-नॉट-थ्री पोलिसांकडून लुटून गडचिरोलीत नक्षलवाद्यांनी पोलिसांवरच रोखली. मग आपल्या हातून गेलेल्या शस्त्राचा जाब आपण द्यावा काय?

गोमंतकाचा इतिहास पाहू. त्याच 1895 साली पोर्तुगीज सरकारने मराठा शिपायांना मोझांबिकला धाडण्याचे ठरविले. शिपायांनी नकार दिला, शस्त्रांनिशी पणजी सोडली आणि डिचोलीला लागून असलेल्या सत्तरीची वाट धरली. तेथे राणे त्यांना मिळाले. परक्या प्रजेवर रोखण्यासाठी दिलेली बंदूक देणाऱ्यावरच उलटली. पुढे 1947 साली स्थापन झालेल्या आझाद गोमंतक दलानेही पोलीस चौक्यांवर हल्ले करून तेथील शस्त्रे मिळविली.

त्यांचा लढा अन्यायाविरुद्ध होता, हे कोण नाकारील? पण लढा संपतो, शस्त्र उरते. हेतू वारशाने देता येत नाही. बंदूक मात्र देता येते. 15 ऑगस्ट 1955 रोजी पेडणे तालुक्यात पत्रादेवी येथे सत्याग्रही रिकाम्या हातांनी गोळ्यांना सामोरे गेले. त्यांच्यामागे स्मरण राहिले. दुसऱ्या कोणी उचलावे असे शस्त्र राहिले नाही.

शब्बाथ शाळेत दावीद व गल्याथ यांची गोष्ट सांगताना आपण बहुधा गोफणीपाशी थांबतो. पण गल्याथाची तरवार पुढे नोब येथे एफोदामागे कापडात गुंडाळून ठेवलेली होती. शौलापासून पळणाऱ्या दाविदाला अहीमलेख याजकाने ती भाकरीबरोबर दिली. त्याने ती भल्या मनाने दिली. तरीही शौलाने तेच निमित्त करून 85 याजकांना ठार करविले. पाप शौलाचे, यात शंका नाही. पण पवित्र जागी ठेवल्याने तरवार निरुपद्रवी झाली नव्हती, हेही तितकेच खरे.

कोणी म्हणेल, लोखंडाला पाप नसते. खून कोयत्यानेही होतो. खरे आहे. पण कोयता रोज गवत कापतो, शहाळे तासतो. लष्करी रायफलीला दुसरे कामच नाही. म्हणून जुनी झाली तरी ती भंगार नव्हे, आणि ती विकणारे राज्य किंवा कोठाराचे दार उघडे टाकणारा रखवालदार "मी गोळी झाडली नाही" एवढे बोलून सुटत नाही. चाप ओढणाऱ्याचा दोष त्याने कमी होत नाही. पण देणाऱ्याचा वाटा वेगळा आहे आणि तो त्याच्याच पदरी राहतो.

यशयाच्या दर्शनात राष्ट्रे आपल्या जुन्या तरवारी शेजाऱ्याला विकत नाहीत, जपूनही ठेवीत नाहीत. त्या ठोकून त्यांचे फाळ करतात. शस्त्र खाली ठेवणे ही शांतीची सुरुवात झाली. ते पुन्हा कोणाला उचलता येऊ नये, इतके केल्यावरच काम पुरे होते. गोफणीच्या धड्यानंतर मुलांना एवढे विचारावे: मग त्या तरवारीचे काय झाले?