अम्माऊसच्या वाटेवर आधी प्रश्न



पुनरुत्थानकाळाच्या तिसऱ्या रविवारी, 'अ' वर्षात, आपण अम्माऊसच्या वाटेचे शुभवर्तमान ऐकतो. दोन शिष्य यरुशलेम सोडून निघाले आहेत. ज्याच्यावर आशा ठेवली होती तोच वधस्तंभावर मेला. प्रभू त्यांच्याबरोबर चालू लागतो आणि आधी विचारतो की, तुमचे काय बोलणे चालले आहे? जे घडले ते त्याच्याइतके कोणाला ठाऊक होते? तरी तो त्यांना सगळे सांगू देतो. शास्त्राचा उलगडा नंतर येतो, भाकर तर त्याच्याही नंतर.

हा क्रम आमच्याकडून एकदा चुकला. पुष्कळ वर्षांपूर्वी, दुसऱ्या धर्मग्रामात असताना, आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेला एक गृहस्थ रुग्णालयातून घरी आला. (ओळख पटेल असे काही येथे लिहिलेले नाही.) घरच्यांनी बाहेर पोटाचे दुखणे म्हणून सांगितले होते. आम्ही भेटीला गेलो. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकल्यामुळे जीवनाच्या मोलाविषयी बोलायला आम्हांला शब्द कमी पडत नाहीत! दहा मिनिटे बोललो, प्रार्थना केली, डोक्यावर हात ठेवला. तो मान खाली घालून ऐकत होता. निघताना दारापर्यंत आला आणि हळूच म्हणाला, "फादर, काय झालं होतं ते तुम्हीपण नाही विचारलंत."

ते 'पण' अजून टोचते. बायकोने विचारले नव्हते, भावाने नव्हते. विचारले तर तेच पुन्हा मनात येईल, अशी सर्वांना भीती. ही भीती खोटी आहे, हे आम्हांला उशिरा कळले. मायेने, स्पष्टपणे विचारल्याने तो विचार कोणाच्या मनात पेरला जात नाही. उलट माणूस मोकळा होतो.

स्वित्झर्लंडमधील बर्न येथे कोनराड मिखेल आणि आन्या गिझिन-मायार या तज्ज्ञांनी अशा प्रौढ रुग्णांसाठी एक छोटी उपचारपद्धती तयार केली. पहिल्या बैठकीत रुग्णाने आपली कहाणी आपल्या शब्दांत सांगायची. उपचारक ऐकतो, बोलणे व्हिडिओवर घेतले जाते. दुसऱ्या बैठकीत दोघे शेजारी बसून तेच पाहतात आणि असह्य वेदनेतून मन कोणत्या वळणाने त्या टोकाला गेले ते शोधतात. तिसऱ्या बैठकीत ती हकिगत लिहून दोघे मिळून दुरुस्त करतात. धोक्याच्या खुणा कोणत्या, त्या दिसल्या तर काय करायचे, कोणाला हाक मारायची, हे खिशात मावेल अशा घडीच्या कागदावर उतरते. पुढे दोन वर्षे उपचारक अधूनमधून पत्र पाठवत राहतो. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात 120 रुग्ण होते, निम्म्यांना हा जादा उपचार मिळाला. नेहमीचे उपचार सर्वांचेच चालू होते. दोन वर्षांत या गटात पुन्हा 5 प्रयत्न नोंदले गेले, दुसऱ्या गटात 41. एकाच ठिकाणचा अभ्यास, म्हणून हुरळून जायला नको. पण अमेरिकेत 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासातही, 10 बैठकांच्या कॉग्निटिव्ह थेरपीनंतर दीड वर्षात पुन्हा प्रयत्न करणारे सुमारे 24 टक्के होते, थेरपी न मिळालेल्यांत 42.

हे काम प्रशिक्षित माणसाचे आहे. पापनिवेदनाच्या खुर्चीत बसून ते आम्हांला जमणार नाही आणि नोव्हेना त्याची जागा घेत नाही. तीव्र मानसिक व्यथेमुळे अशा माणसाची जबाबदारी कमी होते, असे ख्रिस्तसभेची धर्मशिकवण म्हणते. देशाच्या 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही तो तीव्र तणावाखाली होता असेच गृहीत धरले आहे. शिक्षेची भाषा मग आपल्याच ओसरीवर का?

रुग्णालयातून सुटी मिळाली की घरचे म्हणतात, "झालं, सुटलो." वास्तविक पहिले काही आठवडे आणि महिने सर्वांत नाजूक असतात. म्हणून सुटीचा कागद हातात घेतानाच मानसोपचारतज्ज्ञाची पुढची तारीख मागून घ्या, त्या दिवशी कोणीतरी सोबत जा. जिवाला धोका होईल अशा वस्तू आणि औषधांचा साठा घरातून हलवा. मध्यरात्री काही सुचेना झाले तर 14416 हा सरकारी टेलि-मानस क्रमांक मोफत आहे, मराठीतही बोलता येते. तेवढाही वेळ नसेल तर थेट रुग्णालय गाठा.

त्या गृहस्थाकडे आम्ही आठवड्याने परत गेलो. या वेळी विचारले. तो दोन तास बोलला, चहा दोनदा निवला. पुढे तज्ज्ञाकडे जायलाही तयार झाला. पहिल्या खेपेला बाहेरच्या बाकावर आम्ही बसलो होतो. आमची बदली झाली त्याला बरीच वर्षे लोटली. नाताळाला आम्ही त्याला चार ओळींचे कार्ड पाठवतो. कधी उत्तर येते, कधी येत नाही. या पास्खालाही पाठवले आहे.

तुमचे,
धर्मगुरू