शहाण्या कुमारींचे तेल आणि शेजाऱ्याची तहान

'धरण उशाला आणि कोरड घशाला' ही आपल्या अवर्षणग्रस्त मुलखातली म्हण. तिचा प्रत्यय इंग्लंडसारख्या बारमाही पावसाच्या देशातही यावा, हे नवल वाटण्याजोगे आहे. तेथील कालव्यांवर होडी हेच ज्यांचे घर आहे, अशा कुटुंबांना कडाक्याच्या हिवाळ्यात तो येतो. घराच्या चहूबाजूंना पाणी असते आणि घरातला नळ मात्र कोरडा असतो. या प्रसंगातून एक प्रश्न उभा राहतो. वरवर पाहता तो पाण्याचा आहे, परंतु मुळात तो शेजारधर्माचा आहे, आणि म्हणून आपलाही आहे.

प्रथम ते जीवन समजून घेऊ. इंग्लंडमधील बहुतेक कालवे १७६० ते १८३० या काळात, मुख्यतः कोळसा व इतर माल वाहण्यासाठी खोदले गेले. चढउतार ओलांडण्यासाठी त्यांवर दरवाजांचे हौद बांधले, त्यांना 'लॉक' म्हणतात. मध्य इंग्लंडातील अनेक लॉक जेमतेम सात फूट रुंद असल्याने होड्याही तेवढ्याच अरुंद, मात्र लांबीला सत्तर फुटांपर्यंत बांधल्या गेल्या. पुढे मालवाहतूक गेली, होड्या राहिल्या. इंग्लंड व वेल्समधील सुमारे दोन हजार मैलांचे जलमार्ग २०१२ पासून एक धर्मादाय संस्था सांभाळते. कोणी हौसेने होडीत राहतो, कोणी शहरातले घरभाडे परवडत नाही म्हणून. ज्यांना हक्काचा धक्का नाही, त्यांना १९९५ च्या कायद्यानुसार एका जागी सामान्यतः चौदा दिवसांपेक्षा अधिक काळ मुक्काम करता येत नाही.

कालव्याचे पाणी पिण्यायोग्य नसते. शेतांतला निचरा, इंजिनांचे तेल, उंदरांमुळे पसरणारे रोगजंतू आणि खुद्द होड्यांच्या मोरीचे सांडपाणी, हे सारे त्यातच मिसळते. म्हणून होडीच्या नाळेकडे काहीशे लिटरची टाकी असते. काठावर ठिकठिकाणी नळ असतात. तेथवर होडी न्यायची, रबरी नळी जोडायची, टाकी भरायची आणि पुढचे दिवस हात राखून पाणी वापरायचे, असा क्रम. एका होडीला एक अरुंद लॉक ओलांडताना सुमारे एक लाख लिटर पाणी वरच्या पातळीवरून खाली सोडावे लागते, आणि त्याच होडीतली गृहिणी भांडी विसळताना तांब्यातांब्याचा हिशेब करीत असते!

हिवाळा आला की हा हिशेब अधिक कठीण होतो. पाणी गोठताना सुमारे नऊ टक्क्यांनी फुगते आणि धातूची नळीही फोडते. फुटल्याचे कळते ते बर्फ वितळल्यावर, जेव्हा पाणी होडीच्या तळात साचू लागते. अनुभवी माणूस म्हणून थंडीची वार्ता येताच टाकी काठोकाठ भरून घेतो. रबरी नळी रिकामी करून आत ठेवतो. शेगडी रात्रभर धुमसत राहील असे पाहतो. निजण्यापूर्वी पंप बंद करतो, म्हणजे एखादी नळी फुटलीच तर सारी टाकी वाहून जात नाही. होडी सोडून काही दिवस जायचे झाले तर नळ्यांतले पाणी काढून तोट्या उघड्या ठेवतो. इतके करूनही काठावरचा नळच गोठला, तर त्याला गरम पाण्याच्या पिशवीने शेकत बसावे लागते. आणि कालव्यावर बर्फाचा जाड थर धरला की होडी जागची हलत नाही. बळेच बर्फ फोडीत गेले, तर त्याचे धारदार तुकडे काठाला बांधलेल्या लाकडी वा फायबरच्या होड्यांवर जाऊन आदळतात. म्हणजे आपल्या घोटभर पाण्यासाठी दुसऱ्याच्या घराला भोक! त्यातच कालव्यांच्या दुरुस्तीची मोठी कामे हिवाळ्यातच काढली जातात, आणि लॉक बंद असला तर त्याच्या पलीकडचा नळ होडीला दुरावतो.

१९६२ च्या नाताळात सुरू झालेली थंडी १९६३ च्या मार्चपर्यंत हटली नाही, तेव्हा कालवे आठवडेच्या आठवडे गोठून राहिले. पूर्वीपासून झपाट्याने ओसरत चाललेल्या मालवाहतुकीला त्या हिवाळ्याने जणू अखेरचा धक्का दिला. पिढ्यान्पिढ्या होडीवर वाढलेली कुटुंबे एका जागी अडकून पडली. सुमारे दहा फूट लांबीच्या खोलीत त्यांचा संसार असे, आणि पिण्याचे पाणी छतावर ठेवलेल्या, फुलांनी रंगवलेल्या पत्र्याच्या कॅनमध्ये मावेल तेवढेच.

आता आपल्या प्रश्नाकडे वळू. सेमिनरीत नीतिशास्त्र शिकताना एखादा प्रसंग कल्पून त्याचा निवाडा करावयास सांगत, तसाच एक प्रसंग कल्पू या. गोठलेल्या कालव्यात दोन होड्या शेजारी शेजारी अडकल्या आहेत. एकीत एक वृद्ध जोडपे आहे. त्यांनी थंडीपूर्वीच टाकी भरून ठेवली. दुसरीत एक तरुण आहे. 'आज भरू, उद्या भरू' असे म्हणता म्हणता त्याची टाकी रिती झाली. जवळचा नळ गोठला आहे. संध्याकाळी तो रिकामा कॅन घेऊन वृद्धांचे दार ठोठावतो. त्यांनी त्याला पाणी द्यावे काय? द्यावे तर किती? आणि दिलेच, तर ते दान म्हणावे की देणे?

'देऊ नये' म्हणणाऱ्याच्या बाजूने बरेच बोलता येईल. बर्फ किती दिवस टिकेल, हे कोणास ठाऊक? म्हाताऱ्या पत्नीची तहान ही पतीची पहिली जबाबदारी नव्हे काय? शिवाय आळसाला बक्षीस दिले तर आळस वाढतो. काम न करणाऱ्याने खाण्याची अपेक्षा धरू नये, असे संत पौलाने थेस्सलनीकाकरांना बजावलेच आहे. आणि सर्वांत वजनदार पुरावा प्रत्यक्ष प्रभूच्या दाखल्यातला आहे. मत्तयलिखित शुभवर्तमानाच्या पंचविसाव्या अध्यायात दहा कुमारी वराची वाट पाहत आहेत. पाच शहाण्यांनी दिव्यासाठी जादा तेल आणले होते, पाच मूर्खांनी आणले नव्हते. मूर्खांनी तेल मागितले तेव्हा शहाण्यांनी चक्क नकार दिला, आणि प्रभूने त्यांना दोष दिला नाही!

हा दाखला वाचून कित्येक भाविक अस्वस्थ होतात. परंतु तोच अध्याय शेवटपर्यंत वाचावा. त्याच्या अखेरीस अंतिम न्यायाचे चित्र आहे. तेथे राजा ज्यांना उजवीकडे बोलावतो, त्यांनी तहानेल्याला पाणी दिलेले असते. तो का तहानला होता, त्याने वेळीच तजवीज का केली नव्हती, ही चौकशी तेथे होत नाही. एकाच अध्यायाच्या आरंभी न दिलेले तेल आणि अखेरीस दिलेले पाणी! हा विरोध नव्हे. दिव्यातले तेल म्हणजे अंतःकरणाची सिद्धता. ती कोणी कोणाला उसनी देऊ शकत नाही. माझी प्रार्थना, माझा पश्चात्ताप, माझी जागरूकता मी शेजाऱ्याच्या भांड्यात ओतू शकत नाही. पाणी मात्र ओतता येते. वृद्धाला आपली दूरदृष्टी तरुणाला देता येणार नाही, परंतु त्या दूरदृष्टीचे फळ देता येईल. जे देता येत नाही त्याचा दाखला देऊन, जे देता येते ते राखून ठेवणे हा शास्त्राचा विपर्यास होय.

संत थॉमस अक्वायनस यांनी दूरदृष्टीला विवेक या सद्गुणाचा एक प्रमुख घटक मानले आहे. तेव्हा टाकी भरून ठेवणे ही साठेबाजी नव्हे, तो सद्गुणच आहे. पण तेच संत पुढे असेही सांगतात, की जीवनमरणाच्या निकडीत सृष्टीतील वस्तू सर्वांच्या होतात. तशा प्रसंगी गरजवंताने त्या घेतल्या तरी ती चोरी ठरत नाही. वृद्धाने श्रम केले ते टाकी भरण्याचे. पाणी त्याने निर्माण केले नाही. श्रमाचा मान राखावा, पण त्यामुळे पावसाची मालकी मिळत नाही. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६५ साली हीच शिकवण पुन्हा मांडली, आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या 'लाउदातो सी' या परिपत्रकात पिण्यायोग्य पाणी हा माणसाचा मूलभूत हक्क असल्याचे स्पष्ट केले. तेव्हा तरुणाची निकड खरोखर प्राणांतिक असेल, तर त्याला दिलेले पाणी हे दान नसून देणे आहे, आणि देणे फेडणाऱ्याने उपकाराची भाषा बोलू नये.

परंतु विवेक येथे संपत नाही. तरुण धडधाकट असेल आणि मैलभरावरच्या गावात नळ चालू असेल, तर आज रात्रीपुरते पाणी द्यावे आणि सकाळी कॅन वाहून आणण्याचे श्रम त्याने करावेत. त्याने स्वतःबरोबर वृद्धांचाही एक कॅन भरून आणला, तर हिशेब प्रेमाने पुरा होईल. संत पौलाने करिंथकरांना हेच माप सांगितले होते. दुसऱ्याला आराम आणि तुम्हांला ओढाताण असा हेतू नाही. एकाच्या विपुलतेने दुसऱ्याची उणीव भरून निघावी आणि समानता यावी. आळसावर उपाय करायचाच असेल तर तो पुढच्या थंडीपूर्वी करावा. त्या वेळी टाकी भरायला जाताना तरुणाच्या छतावर टकटक करावी. तहानेल्या माणसाला दारात उभे करून दिलेला उपदेश त्याच्या कानी शिरत नाही.

आपल्या मातीत एकनाथ महाराजांची आख्यायिका घरोघरी सांगितली जाते. रामेश्वराला वाहण्यासाठी काशीहून कावडीने आणलेले गंगाजल त्यांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या मुखी घातले. त्या गाढवाने वाटेची तजवीज का केली नाही, असे नाथांनी विचारले नाही! ज्या देवासाठी पाणी साठवले तो तहानेल्याच्या रूपाने वाटेतच भेटला, हे त्यांनी ओळखले.

उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या वसाहतींत बर्फ पडत नाही, पण कोरडा नळ आणि भरलेले पिंप तेथेही शेजारी शेजारी असतात. वरच्या मजल्यावरची एकटी आजी, उशिरा कामावरून परतणारी आई, यांची पिंपे कोण भरतो? पाणी येण्याची वेळ चुकली हा त्यांचा दोष मानून आपण दार लोटून घेतो काय?

दूरदृष्टी हा सद्गुण आहे, परंतु ती आपल्याच घराच्या भिंतीशी थांबली तर तिचे रूपांतर भीतीत होते. भीती टाकी भरते आणि कुलूप लावते. विवेकी माणूसही टाकी भरतो, पण भरताना एक कॅन अधिक भरतो, कारण कोणीतरी दार ठोठावील हेही त्याने आधीच गृहीत धरलेले असते. थंडीपूर्वी काय काय करावे याची कालव्यावरच्या लोकांची यादी लांबलचक असते. ख्रिस्ती माणसाने त्या यादीत हा एक कॅन जरूर लिहावा.