बीटा पेशीचा खून की आत्महत्या?

शरीर स्वतःवरच उलटेल ही कल्पना पॉल एर्लिखला विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पटणारी नव्हती. एवढ्या मोठ्या माणसाचा शब्द! पुढची पन्नासेक वर्षे बहुतेकांनी तो प्रमाण मानला. 1956 मध्ये हाशिमोटोच्या थायरॉइड विकारात रुग्णांच्याच रक्तात थायरॉइडविरुद्धच्या अँटिबॉडी सापडल्या आणि मत बदलावे लागले. मग बर्नेट या शास्त्रज्ञाने सांगितले की स्वतःच्या ऊतींवर धावून जाणाऱ्या काही चुकार पेशी शरीरात उरतात. तेव्हापासून स्वयंप्रतिकार रोगात आरोपी ठरलेला: प्रतिकारशक्ती. ज्या अवयवावर हल्ला झाला तो बिचारा निरपराध. उपचारही त्याच हिशेबाने, म्हणजे प्रतिकारशक्ती दाबून ठेवायची.

1986 मध्ये जियान फ्रांको बोत्ताझ्झो या संशोधकाने एका लेखाच्या शीर्षकातच विचारले, की टाइप 1 मधुमेहात इन्सुलिन बनवणारी बीटा पेशी मरते तो खून की आत्महत्या? हल्ल्यात त्या पेशीचाही काही हात असेल का, अशी त्याची शंका. प्रश्न चमकदार होता, पण उत्तर द्यायला पेशीच्या आत काय बिघडते हे माहीत हवे. ती माहिती वैद्यकातून येणार नव्हती. ती येत होती रोगाशी काही देणेघेणे नसलेल्या लोकांकडून, आणि त्यांतले काही बेंगळुरूत होते.

प्रथिनातली अमिनो आम्लांची साखळी कोणत्या कोनांत वळू शकते याचा आलेख जी. एन. रामचंद्रन यांनी 1963 मध्ये मद्रासला सहकाऱ्यांसह मांडला. सत्तरच्या दशकाच्या आरंभी त्यांनी बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत रेण्वीय जीवभौतिकीचा विभाग उभा केला. आकार काय असू शकतो हे कळले. साखळी त्या आकाराला पोचते कशी, हे कोडे उरले. त्यावर बेंगळुरूच्याच एनसीबीएस या संशोधन संस्थेत जयंत उदगावकर यांनी अनेक वर्षे घालवली. (पुढे ते पुण्याच्या आयसरचे संचालक झाले.) त्यांचे आवडते प्रथिन बारस्टार, अवघ्या 89 अमिनो आम्लांचे. ते एका रसायनात उलगडायचे, मग मिलिसेकंदांत ते द्रावण पातळ करायचे आणि प्रथिनातल्या ट्रिप्टोफॅन या अमिनो आम्लाची चमक कशी बदलते ते मोजत राहायचे. बारस्टार एकाच ठरलेल्या वाटेने घडत नाही, अनेक वाटा आणि अनेक मधले मुक्काम असतात, असे या मोजमापांतून 1995 च्या सुमारास पुढे आले. इतक्या लहानशा प्रथिनाची ही कथा!

परीक्षानळीत निदान साखळीला मोकळी जागा असते. पेशीत बेंगळुरूच्या सिल्क बोर्ड चौकासारखी गर्दी. बाहेर पाठवायची प्रथिने आंतर्द्रव्यजालिकेत घडतात आणि तिथे त्यांना सांभाळायला मदतनीस प्रथिने लागतात. त्यांतले बिप हे 1983 मध्ये ओळखले गेले तेच मुळी अँटिबॉडीच्या जड साखळीला चिकटलेले. 1993 मध्ये पीटर वॉल्टर आणि काझुतोशी मोरी यांच्या कामातून यीस्टमध्ये आयआरई1 हा धोक्याची सूचना देणारा रेणू सापडला. बिघडलेल्या प्रथिनांचा साठा वाढला की तो जागा होतो. माणसाच्या पेशीत तो एक्सबीपी1 नावाच्या संदेशातून नेमकी 26 अक्षरे कापून टाकतो. संदेशाचा अर्थ बदलतो आणि पेशी नवे मदतनीस बनवू लागते. एवढे करूनही निभावले नाही, तर ती स्वतःला संपवते. गंमत अशी की अँटिबॉडीचा कारखाना असलेल्या प्लाझ्मा पेशीही एक्सबीपी1 शिवाय तयार होत नाहीत, हे 2001 मध्ये कळले. म्हणजे हल्लेखोर आणि ज्याच्यावर हल्ला होतो तो, दोघांनाही ही यंत्रणा लागते.

स्वयंप्रतिकार आणि प्रथिनांची घडण हे दोन प्रवाह एकत्र आले ते पाठीच्या कण्याच्या आजारात. 1973 मध्ये लंडनच्या ब्रूअरटन यांनी अँकिलोझिंग स्पाँडिलायटिसचे 75 रुग्ण तपासले. 72 जणांत एचएलए-बी27 हा रेणू निघाला. का, ते कोणाला सांगता येईना. 1999 मध्ये रॉबर्ट कोल्बर्ट यांच्या गटाने सुचवले की हा रेणू मुळात नीट घडतच नाही, आणि जालिकेवर येणारा हा ताण हेच कारण असेल. मानवी बी27 घातलेल्या उंदरांत तो ताण 2005 मध्ये दिसलाही. सगळे जुळले म्हणायचे, तर पुढच्याच वर्षी त्याच जातीच्या उंदरांना बीटा-2 मायक्रोग्लोब्युलिन हे जोडीदार प्रथिन जास्तीचे देण्यात आले. बिघडलेली घडण कमी झाली, आतड्याचा दाह थांबला. सांधे आणि मणके मात्र अधिकच आखडले! कल्पना सुंदर असली की तिच्याविरुद्धचा पुरावा लोक पटकन विसरतात. हा प्रयोग विसरू नये असा आहे.

मधुमेहातही तेच. बीटा पेशी मिनिटाला इन्सुलिनचे सुमारे दहा लाख रेणू घडवते, प्रत्येकात गंधकाचे तीन बंध अचूक जागी. फेयझा एन्गिन यांनी 2013 मध्ये दाखवले की मधुमेह होणाऱ्या उंदरांत ही सावरणारी यंत्रणा आधीच ढिली पडते आणि घडणीला मदत करणारे पित्ताम्ल दिल्यास मधुमेह कमी होतो. 2020 मध्ये त्यांच्याच गटाने बीटा पेशींतून आयआरई1 काढून टाकला, तर पेशी काही काळ आपली ओळख हरवून बसल्या, प्रतिकारशक्तीच्या हल्लेखोर टी पेशींना त्यांच्यात लक्ष्य सापडेना आणि त्या वाचल्या. यंत्रणेला हात दिला तरी फायदा, तिचा एक भाग काढला तरी फायदा.

म्हणून खून की आत्महत्या यांतले एकच निवडायला गेलो तर हाती काही लागत नाही, असे मला वाटते. घडणीचा ताण आजार पेटवतो असे म्हणण्यापेक्षा तो पेटलेला आजार भडकवतो, हे विधान आजच्या पुराव्याला अधिक धरून आहे. जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या बी27 उंदरांना ना आतड्याचा आजार झाला ना सांध्यांचा. ताणाला साथीदार लागतो. बी27 बाळगणाऱ्या बहुतेक माणसांनाही हा आजार आयुष्यभर होत नाही. तेव्हा रिपोर्टवर पॉझिटिव्ह पाहून घाबरू नका. पण तरुण वयात पाठ सकाळी आखडत असेल, हालचालीने मोकळी होत असेल आणि हे तीन महिन्यांहून जास्त चालले असेल, तर गोळ्या घेत बसू नका, संधिवाततज्ज्ञाला दाखवा.